खाडी, खडप, जेट्टी: सगळ्या ल्युअरना चालेल असा एकच रॉड कोणता घ्यावा?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहतो. लहानपणापासून वडिलांबरोबर तंगूस आणि गरी घेऊन गरवायला जायचो. आमिष म्हणजे जिवंत कोळंबी, नाहीतर कापलेली बोय. गेल्या पावसाळ्यानंतर ल्युअरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वेड लागलंय. सध्या मित्राचा रॉड मागून नेतो. तो सहा फुटी आहे आणि फारच बारीक. आता स्वतःचा घ्यायचाय, पण एकच. रॉडपुरते सहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, रील वेगळं.

जाण्याच्या जागा: बहुतेक वेळा भाट्ये खाडीचं मुख आणि आसपासच्या जेट्ट्या, कधी जयगड खाडी, आणि सुट्टीत मामाकडे मालवणला गेलो की तिथली खडपं. मासा म्हणाल तर जिताडा आणि तांबोशी. रावस मिळाला तर आनंदच.

ल्युअर सगळ्या प्रकारचे जमलेत. मिनो (लहान माशासारखे), पॉपर (पाण्यावर आवाज करणारे), जिगहेडवरचे (शिशाचं डोकं असलेल्या गळावरचे) रबरी मासे, एक-दोन स्पून (धातूच्या पत्र्याचे). जो व्हिडिओ बघावा त्यात 'सात फूट, मीडियम हेवी, फास्ट, हा बास रॉड घ्या, सगळ्याला चालतो' असं सांगतात. पण ते अमेरिकेतल्या तळ्यांमधले बास. आपल्या खाडीला तोच रॉड चालेल का? लांबी किती घ्यावी? स्पिनिंग (रील रॉडखाली, फेकताना लाईन गुंडाळलेलं स्पूल स्थिर) की बेटकास्टर (रील वर, फेकताना स्पूल फिरणारं)? जाणकारांनी सांगावं.

खाडीकाठ

स्वागत! मी अलिबागचा. उत्तराआधी तुम्हाला एक काम सांगतो. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर सगळे ल्युअर एकेक करून त्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून काढा. रबरी मासा जिगहेडवर ओवूनच ठेवा. पाकिटावर १० ग्रॅम लिहिलेलं असतं ते नुसत्या शिशाच्या डोक्याचं. वर चार इंची रबर चढलं की तेच १७-१८ होतं, आणि रॉडला फेकायचं असतं ते सगळं मिळून.

रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात ल्युअरचं वजन आणि लाईनची ताकद किंवा जाडी छापलेली असते. मीडियम, हेवी हे शब्द मी शेवटी बघतो, आधी हे आकडे. कुठलाही रॉड छापलेल्या वजनांच्या मधल्या भागात सगळ्यात छान चालतो. १० ते ३० ग्रॅम लिहिलंय ना, तर तो खुलतो १५ ते २५ मध्ये. १० ग्रॅमला ब्लँक, म्हणजे रॉडची दांडी, पुरता वाकत नाही, त्यामुळे फेक तोकडी पडते. ३० ला झटका न देता सावकाश फेकावं लागतं.

अमेरिकन रॉडवर आकडे औंसात असतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. अर्धा औंस १४, पाव औंस ७. एवढं पाठ असलं की दुकानात गोंधळ होत नाही.

माशीमार

वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

सड्यावरचा

खाडीकाठ दादा, लगेच वजनं केली. मिनो ९ ते ११ सेंटिमीटरचे, १२ ते १८ ग्रॅम. पॉपर २० आणि २४. रबरी मासे जिगहेडसकट १६ ते २२. स्पून २८ आणि ४०. शिवाय पाच-सहा ग्रॅमचे छोटे रबरी किडे आहेत, ते मित्राच्या बारीक रॉडवर वापरायचो.

सुकती_भरती

झिला, रॉड मागसून घे, आधी तू खंय उभो रवतलंस ता बघ.

मी मालवणचा, लांबीबद्दल सांगतो. खडपावर उभं राहिलं की समोर पन्नास पावलं उथळ पाणी, त्यात कालवांनी धारदार झालेले दगड, आणि फुटणारी लाट. तिथे साडेसहा फुटी रॉडने फेकलं तर लाईन लाटेच्या फेसात पडते, दगडाला घासते आणि मासा लागायच्या आधीच कापली जाते. आठ-नऊ फूट असला तर लाईन वर उचलून धरता येते आणि ल्युअर लांबही जातो. कांदळवनात उलटं. डोक्यावर फांद्या, मागे चिखल, हात फिरवायला जागा नाही, तिथे आठ फूट म्हणजे अडगळ. जेट्टीवर मधलं बरं, कारण मासा लागला की सरळ खांबाकडे धावतो आणि त्याला खांबाला वळसा घालू न देण्यापुरती लांबी हातात लागते.

तुझं सांगणं वाचून तुझा निम्म्याहून जास्त वेळ खाडीच्या मुखाशी आणि जेट्टीवर जातो असं दिसतं. म्हणजे साडेसात फूट. मालवणला खडपावर थोडी लांबी कमी पडेल, पण तू तिथे सुट्टीतच येतोस ना. नेहमीच्या जागेचा रॉड घे.

आणि इथे येशील तेव्हा एक लक्षात ठेव. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठे गरवलेलं चालतं ते मामाला आणि तिथल्या कोळ्यांना विचारूनच गळ टाक. उधाणाच्या भरतीला खडपावर पुढे जायचं नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही.

दूरदेशी

मूळचा गुहागरचा, गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे. लार्जमाउथ बास हा इथला रोजचा मासा, म्हणून 'सात फूट मीडियम हेवी फास्ट' हे कुठून आलं ते सांगतो.

इथे गळ टाकणारा बहुतेक बोटीत असतो. बोट झाडोऱ्याजवळ नेता येते, त्यामुळे फार लांब फेकायची गरज नसते. बासला सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट म्हणजे रबरी गांडूळ, त्यात गळाचं टोक लपवून ठेवलेलं, म्हणजे पाणवनस्पतीत अडकत नाही. मासा लागल्यावर तो एकच जाड गळ रबरातून बाहेर काढून जबड्यात रुतवायचा, आणि लगेच माशाला गवतातून ओढून काढायचं. याला ताठ रॉड लागतो, शेंड्यालाच वाकणारा. मीडियम हेवी फास्ट तो हाच, साधारण ३/८ ते १ औंसाचा, म्हणजे १० ते २८ ग्रॅम.

पण इथलेच लोक क्रँकबेट (ओढला की डुबकी मारणारा ल्युअर) फेकताना तो रॉड बाजूला ठेवतात. क्रँकबेटला तीन टोकांचे ट्रेबल गळ असतात, म्हणून मऊ, मध्यापर्यंत वाकणारा रॉड घेतात, पुष्कळदा फायबरग्लास मिसळलेला. स्पर्धा खेळणाऱ्याच्या बोटीत रॉडांची ओळ लावलेली असते, एकेका ल्युअरला एकेक. 'एकच रॉड' हा इथेही नवीन माणसासाठीचाच सल्ला आहे, आणि तो सल्ला रबरी गांडूळ आणि स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्युअर) डोक्यात ठेवून दिलेला असतो. तुमच्या यादीत मात्र निम्म्याहून जास्त ल्युअर ट्रेबलवाले दिसतात.

आणखी दोन गोष्टी. बास रॉडची मागची मूठ बऱ्याचदा आखूड असते, एका हाताने दिवसभर फेकता यावं म्हणून. खाडीच्या तोंडाशी वाऱ्यात दोन्ही हातांनी फेकायचं तर मूठ कोपरापर्यंत पोचणारी हवी. दुसरं, यातले पुष्कळ रॉड गोड्या पाण्यासाठी बनवलेले असतात. खाऱ्या हवेत त्यांच्या गाईडच्या (लाईन ज्यांतून जाते त्या कड्यांच्या) पायांना आणि रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) कड्यांना गंज धरतो.

कांदळवन

माझं मत थोडं वेगळं. तेरेखोलच्या बाजूला आम्ही छोट्या होडीतून कांदळवनाच्या कडेने फिरतो. तिथे साडेसहा फुटी बेटकास्टरला तोड नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात, आणि तिथलेही लोक खाडीत आखूड बेटकास्टरच वापरतात. मुळांच्या दोन बोटं अलीकडे ल्युअर टाकायचा असतो. अंगठ्याने स्पूल दाबून हवा तिथे थांबवता येतो. स्पिनिंगला तेवढा नेम येत नाही. जाड लाईनही बेटकास्टरला सुखाने चालते.

वाशिष्ठी

कांदळवन यांचं होडीपुरतं पटलं. पण धागाकर्ते काठावरून गरवतात, एकच रॉड घेणार आहेत, आणि समोरून वारा असणार. दुपारनंतर खाडीच्या मुखाशी वारा चढला की हलका मिनो हवेत अडतो, बेटकास्टरचं स्पूल मात्र फिरत राहतं आणि लाईनचा गुंता होतो. अंधारात तो गुंता सोडवत बसणं म्हणजे भरतीची चांगली वेळ घालवणं. इथे स्पिनिंगच.

आता ट्रेबलबद्दल, कारण मला हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

जिताडा ल्युअर कसा घेतो ते पाहिलंय का? तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ल्युअर आत ओढतो. वरच्या पाण्यात घेतला तर 'डब्ब' असा पोकळ आवाज येतो, खाडी शांत असली तर चांगला लांबवर ऐकू जातो. त्याच्या तोंडात टोकदार दात नसतात, आतून कानशीसारखं खरखरीत असतं. कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र पात्यासारखी. मासा लागला की दोन-चार क्षणांत वर उडी मारतो आणि हवेत डोकं डावी-उजवीकडे झटकतो. ११ सेंटिमीटरचा मिनो त्याच्या ओठाबाहेर लोंबत असतो, दर झटक्याला त्या वजनाने गळ उचकटला जातो. ब्रेडची, म्हणजे विणलेली, लाईन ताणत नाही. वरून रॉडही ताठ असला तर मधे लवचीक काहीच उरत नाही, गळाचं भोक मोठं होतं, आणि एका झटक्यात लाईन सैल. ल्युअर तुमच्याकडे उडत येतो, जिताडा पाण्यात.

म्हणून वरचा निम्मा भाग माशाबरोबर वाकणारा पाहिजे. पण तेवढ्यावर भागत नाही. तांबोशी लागली तर ती पहिल्या धडकेतच कांदळाच्या मुळांत किंवा दगडाच्या कपारीत शिरते, तिला तिथेच रोखायला बुडाशी दम लागतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि तो कुठून वाकतो ती ॲक्शन. मीडियम हेवी ही पॉवर, फास्ट ही ॲक्शन. तुम्हाला पॉवर मीडियम हेवीच्या आसपासचीच हवी, पण ॲक्शन फास्टपेक्षा एक पायरी मऊ, मॉडरेट फास्ट. वरचा अर्धा वाकेल, खालचा अर्धा धरून ठेवेल. जिगहेडवरच्या रबरी माशाला यात थोडं नुकसान होतं, कारण गळ रुतवताना झटका जरा उशिरा पोचतो. पण ब्रेडच्या लाईनमुळे ते भरून निघतं. शिवाय जिगहेडचा गळ उघडाच असतो, त्याला अमेरिकन गांडुळासारखं रबर फाडून बाहेर यायचं नसतं.

दुकानात रॉड हातात घेऊन हवेत हलवून काही कळत नाही. लाईनचं टोक बरोबरच्या माणसाच्या हातात द्या, त्याला जमिनीजवळ धरायला सांगा, आणि रॉड साधारण ४५ अंशांवर ठेवून सावकाश ताण द्या. वाक कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते डोळ्यांनी दिसतं. टिप हाताने धरून वाकवू नका, कार्बन तिथेच मोडतो.

दूरदेशी

वाशिष्ठीताई, फार नेमकं लिहिलंत. या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

खाडीकाठ

ताईंच्या मुद्द्याला जोडून. 'मीडियम हेवी' हा शब्द दुकानात तसाच मागू नका. या शब्दांना कुठलंही ठरलेलं माप नाही. प्रत्येक कंपनी, आणि एकाच कंपनीत प्रत्येक मालिका, आपापल्या माशाच्या हिशोबाने हे शब्द छापते. जपानी सी बास रॉड घ्या. तो त्यांच्या सुझुकी माशासाठी असतो, काठावरून फेकायला, साडेआठ-नऊ फुटी. त्यावर मीडियम लाईट लिहिलेलं असतं आणि खाली ७ ते २८ ग्रॅम. म्हणजे तिथला मीडियम लाईट आणि दूरदेशी सांगतात तो अमेरिकन मीडियम हेवी जवळपास तेवढंच वजन फेकतात. समुद्रातल्या मोठ्या ट्रेव्हली माशासाठीच्या पॉपिंग रॉडवर मीडियम दिसला म्हणून आणला, तर तुमचा १५ ग्रॅमचा मिनो त्याला जाणवणारसुद्धा नाही.

त्यामुळे दुकानात ग्रॅम सांगा. लाईनच्या बाबतीत पीई आकडा सांगा. हा आकडा विणलेल्या लाईनची जाडी सांगतो. १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, १.५ म्हणजे ०.२०५, २ म्हणजे ०.२३५. पाकिटावरचे पौंड कंपनीगणिक बदलतात, जाडीवर जास्त भरवसा ठेवता येतो.

आमच्याकडे खारेपाटात उघाडीच्या (खारबांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी जिताडा उभा राहतो. ओहोटी लागली की खारबांधातून पाणी सुटतं, त्याबरोबर बारीक बोय आणि कोळंबी बाहेर येते, आणि हा समोर तोंड करून वाट बघत असतो. तिथे वीस-पंचवीस फुटांवर ल्युअर टाकायचा असतो, लांब फेकायचं कामच नाही. तरी मी साडेसात फूटच नेतो, कारण मासा लागल्यावर चिखलाच्या कडेवरून लाईन उचलून धरावी लागते. सुकती_भरती काकांच्या लांबीला माझं अनुमोदन.

पुण्याहून_कोकणात

मध्येच विचारतो, माफ करा. मी शनिवार-रविवार एसटीने दापोलीला येतो. साडेसात फुटी रॉड नेता येईल का? चार तुकड्यांचा प्रवासी रॉड घेतला तर ताकद कमी होते का?

सुकती_भरती

दोन तुकड्यांचा घ्या. साडेसात फूट म्हणजे २२८ सेंटिमीटर, एकेक तुकडा सव्वा मीटरच्या आतच राहतो. पीव्हीसी पाइपला दोन्हीकडे टोपणं लावून त्यात घाला आणि खिडकीशी उभा करा. चार तुकड्यांचे चांगले रॉड मिळतात, पण सहा हजारांत चारपेक्षा दोन तुकड्यांतच जास्त चांगला ब्लँक पदरात पडतो. एक तुकडा वरचा आणि दुसरी नुसती मूठ, असेही येतात. ते फेकायला छान, पण एसटीत न्यायला त्रास.

जोडाकडे मात्र लक्ष ठेवा. दहा-वीस फेकींनंतर वरचा तुकडा किंचित फिरतो, गाईडची ओळ वाकडी होते, किंवा जोड ढिला होऊन पुढच्या फेकीला टिप ल्युअरबरोबर पाण्यात जाते. मधून मधून हात लावून दाबून घ्यायचं. जोडावर मेणबत्तीचं मेण हलकं घासलं की पकडही धरतो आणि सुटतानाही अडकत नाही.

माशीमार

काका, गाईड कसले बघायचे? माझ्या पहिल्या रॉडचे गाईड एका मोसमात गंजले.

सुकती_भरती

तीन गोष्टी. गाईडचं कडं आणि पाय चांगल्या स्टेनलेसचे हवेत. आतली रिंग सिरॅमिकची, सिलिकॉन कार्बाइड असेल तर उत्तम, ॲल्युमिनियम ऑक्साइडही ब्रेडला पुरतो. आणि रील सीटच्या कड्या घट्ट बसल्या पाहिजेत, हलल्या नाही पाहिजेत.

घेण्याआधी कान साफ करायची कापसाची काडी न्या. प्रत्येक गाईडच्या आतून ती गोल फिरवा. रिंगला केसाएवढी जरी चीर असली तरी कापसाचा धागा तिथे अडकतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि ब्रेड तिच्यावरून गेली की दर फेकीला थोडी थोडी कापत जाते. शेंड्याची रिंग नक्की तपासा, सगळ्यात जास्त घासते तीच. मग रॉड डोळ्याला लावून बंदुकीसारखा बघा, गाईड एका ओळीत आहेत का, ब्लँक सरळ आहे का. शक्य असेल तर तुमचं रील लावून तोल बघा. रीलच्या पायाच्या जरा पुढे बोटावर तोलला गेला तर बरा. शेंडा खाली पडत असेल तर संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं.

घरी आल्यावर नळाच्या साध्या पाण्याने धुवायचा, जोराच्या धारेने नको. रीलचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आवळून मग रील धुवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पुसून, वाळवून, ड्रॅग परत सैल करून ठेवा. कोकणात कोरड्या दिवशीसुद्धा हवेत मीठ असतं, 'आज पाण्याला लागला नाही' म्हणून तसाच भिंतीला टेकवून ठेवू नका.

आणि कार्बनमधून वीज जाते. मे संपता संपता किंवा ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून घरी जायचं. खाडीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तिथे रॉड उभा धरून चालायचं नाही.

सड्यावरचा

केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी! काल कोल्हापूरला कामाला गेलो होतो, तिथल्या दुकानात दोन रॉड हातात घेऊन पाहिले. वाशिष्ठीताईंनी सांगितल्याप्रमाणे लाईन दुकानदाराच्या पोराच्या हातात दिली आणि वाक बघितला.

पहिला साडेसात फूट, दोन तुकडे, १० ते ३० ग्रॅम, पीई १ ते २. वाक अर्ध्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. मूठ कोपरापर्यंत येते. दुसरा सव्वाआठ फूट, ७ ते ३५ ग्रॅम, फास्ट. छापलेला पट्टा मोठा म्हणून दुसऱ्याकडे मन ओढतंय, माझा ४० ग्रॅमचा स्पूनही जवळपास बसेल असं वाटतंय. पाच ग्रॅमचे किडे तर दोन्हीत बसत नाहीत. काय करावं?

वाशिष्ठी

पहिला.

पट्टा मोठा छापला म्हणजे रॉड तेवढं सगळं सारखंच चांगलं फेकतो असं होत नाही. तुमच्या वजनांची यादी परत बघा. मिनो, पॉपर, रबरी मासे, सगळं १२ ते २४ मध्ये. म्हणजे दहापैकी आठ ल्युअर पहिल्या रॉडच्या बरोबर मध्यावर येतात. अधूनमधून लागणाऱ्या एका स्पूनसाठी रॉड निवडायचा आणि रोजच्या आठ ल्युअरना ताठ शेंडा सोसायला लावायचा, हे मला पटत नाही. ४० चा स्पून बाजूला ठेवा, २८ चा तेच काम करतो. पाच ग्रॅमचे किडे मित्राच्या रॉडसाठी ठेवा. कुठलाही एक रॉड ५ पासून ४० पर्यंत नीट जात नाही. दोन्ही टोकं सोडून दिली की मधलं उत्तम मिळतं.

रील ३००० किंवा ४००० मापाचं. लाईन पीई १.५, आणि पुढे, ल्युअरच्या बाजूला, फ्लुरोकार्बनचा लीडर (जाड लाईनचा तुकडा) ४० पौंडांचा, हातभर तरी. पात्यासारखं कल्लं आणि खरखरीत तोंड त्यासाठीच. जिताड्याला स्टीलच्या तारेची गरज नाही, तारेने मिनोची चाल बिघडते. लाईन आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. ती बारीक असते, गाईडमधून अडखळत नाही. घरी पंख्याखाली बसून हाताला सवय करा, खडपावर शिकता येत नाही. ड्रॅग लाईनच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश. २० पौंडांची लाईन असेल तर सव्वादोन ते तीन किलो, वजनकाट्याचा हूक लावून मोजा.

मासा जवळ आल्यावर रॉड उभा करून उचलू नका. सगळा ताण शेंड्याच्या वीतभर भागावर येतो आणि चांगले चांगले रॉड तिथेच मोडतात. लांब दांड्याचं जाळं ठेवा.

आणखी एक, रॉडशी थेट संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खूप मोठा जिताडा लागला तर ती बहुतेक अंडी देणारी मादी असते. तिला पाण्यातच ठेवून गळ काढा, सोडता आली तर सोडा. खायला मधल्या आकाराचा पुष्कळ चांगला.

कांदळवन

शेवटच्या परिच्छेदाला मनापासून अनुमोदन. आणि काठावरून गरवायला पहिलाच रॉड घ्या, माझाही कौल त्यालाच. होडी घ्याल तेव्हा बेटकास्टरचं बोलू.

सड्यावरचा

पहिला सांगून ठेवला, शनिवारी हातात येईल. कापसाची काडी घेऊन जातोय. शेवटचा प्रश्न: मिनोचे ट्रेबल काढून एकेरी गळ लावले तर? सोडतानाही सोपं पडेल आणि माशाच्या तोंडाला इजा कमी. पण चाल बिघडेल का?

दूरदेशी

बिघडते, वजन बदललं तर. तरंगणारा मिनो कंपनीने त्या ट्रेबलच्या वजनासकट तोललेला असतो. मूळचे ट्रेबल काट्यावर ठेवा, तुमच्याकडे आता तो आहेच, आणि साधारण तेवढ्याच वजनाचे एकेरी गळ घ्या. ल्युअरच्या कडीला सरळ बसणारा, डोळा आडवा फिरवलेला गळ मागा, त्याला इनलाइन सिंगल म्हणतात. पुढचा गळ टोक पुढे करून आणि मागचा टोक वर करून लावतात, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत. मग बादलीत नाही, वाहत्या पाण्यात ओढून बघा. पोट डावी-उजवीकडे आधीसारखंच हलत असेल तर झालं. एका अंगावर कलत असेल तर एक नंबर लहान गळ लावून परत बघा. पॉपरला मात्र मागचा ट्रेबल मी तसाच ठेवतो. वरच्या पाण्यात मासा बऱ्याचदा नेम चुकवतो, तिथे तीन टोकांचा उपयोग होतो. त्याच्या टोकांमागचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, सोडायला तेवढं पुरतं.